कमावती भावंडं

१९४२ सालच्या 'पहिली मंगळागौर' या चित्रपटासाठी एका साडेबारा वर्षांच्या मुलीच्या भुवया कोरल्या गेल्या, कपाळावरचे केस कापले गेले. घरी येऊन ती रडली. तोंडाला रंग, डोळ्यांवर प्रखर दिवे, कुणीतरी सांगितलं की हसायचं, सांगितलं की रडायचं, यातलं काहीच तिला आवडत नव्हतं, आणि हे तिनं पुढे मुलाखतींमधून मोकळेपणानं सांगितलं. पण काम सोडणं परवडणारं नव्हतं. वडील नुकतेच गेले होते आणि पाठीवर चार भावंडं होती. ही लता मंगेशकर.

पुढे चार-पाच वर्षांनी 'मंदिर' नावाच्या चित्रपटात एका मुलाचं काम करायला लहान पोर हवं होतं. दिग्दर्शक मास्टर विनायक यांनी स्वतःच्याच मुलीला उभं केलं. तिचे केस मुलासारखे कापले. ती नाखूश होती, तरी बाबांचा शब्द मोडता आला नाही. चित्रपट पुरा व्हायच्या आतच, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, विनायकराव गेले. तो दिनकर द. पाटलांनी पूर्ण केला, १९४८ साली लागला, आणि श्रेयनामावलीत 'बेबी नंदा' हे नाव आलं. त्याच चित्रपटात लताचीही भूमिका होती.

लताचे वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा ४१ वर्षांचे होते. विनायकरावही ४१ वर्षांचेच. दोघांनी घरं भरून मुलं मागे ठेवली, आणि दोन्ही घरांचा खर्च मुलींच्या कामावर चालू राहिला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'भावंडं' हा विषय दिला तेव्हा मला ही दोन घरं आधी आठवली. अशा बालपणांबद्दल आपण कमी बोलत नाही. उलट फार बोलतो, पण कौतुकाच्या एकाच सुरात: लहान वयात केवढी जबाबदारी पेलली, केवढी जिद्द. आईबापाविना वाढलेल्या भावंडांचं हे प्रेम आपल्याकडे आळंदीच्या चौघांपासूनचं आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांना गावानं किती छळलं हे आपण भक्तिभावानं सांगतो, आणि सांगता सांगता छळ करणारं गाव बाजूला पडतं. मला कौतुकाच्या खालचा हिशोब बघायचा होता. पैसे कुणाच्या हातात जायचे, तास कोण मोजायचं, आणि कामावरून घरी आलेली मुलगी घरात बहीण म्हणून वावरायची की कर्ती म्हणून.

दीनानाथांची पाच मुलं

मंगेशकरांच्या मुलांचं बालपण सुरुवातीपासून लोकांच्या नजरेसमोरच गेलं. दीनानाथ स्वतः कोवळ्या वयात किर्लोस्कर नाटक मंडळीत गेलेले, स्त्रीभूमिका करून नावाजलेले. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' काढली. त्या काळी नाटक कंपनी म्हणजे एक चालतं बिऱ्हाड असे. गळा चांगला असलेली पोरं कंपनीत ठेवून घ्यायची, जेवणखाण कंपनीचं, तालीम कंपनीची, आणि आवाज फुटेपर्यंत लुगडं नेसून उभं राहायचं. पोरवयातलं काम ही त्या धंद्याची नेहमीची रीत होती. तेव्हा दीनानाथांच्या मुलीनं 'सौभद्रा'त ऐन वेळी न आलेल्या नटाच्या जागी नारद म्हणून उभं राहणं, समोर अर्जुनाच्या वेषात वडील असणं, याचं कुणाला नवल वाटलं नसेल. तिचं नावसुद्धा रंगभूमीवरून आलेलं. पाळण्यातलं हेमा मागे पडलं आणि 'भावबंधना'तल्या लतिकेवरून लता झालं.

बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं. दीनानाथांनीही बोलपटात हात घालून पाहिला, 'कृष्णार्जुन युद्ध' काढला, त्यात पैसा बुडाला. सांगलीचं वैभव ओसरलं, कुटुंब पुण्याला आलं. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले. मीना दहा वर्षांची, आशा आठ, उषा सहा, आणि हृदयनाथ पाचही पुरा नव्हता.

लताच्या शाळेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. धाकट्या आशाला कडेवर घेऊन ती शाळेत गेली, बाळाला आणायचं नाही म्हणून मास्तर रागावले, आणि ती घरी आली ती परत गेलीच नाही. बहिणींच्या प्रेमाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि प्रेम त्यात आहेच. मला मात्र त्यात दिसतं ते असं, की वडील जिवंत आणि घर भरलेलं असतानाच त्या पोरीच्या कडेवर दुसरं पोर होतं. १९४२ साली तिच्यावर जे आलं त्याचा सराव आधीच झाला होता.

दीनानाथांना मुलीनं सिनेमात गाणं फारसं पसंत नव्हतं. 'किती हसाल'साठी तिचं पहिलं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेही चित्रपटातून गळलं. वडिलांच्या मागे मास्टर विनायक मदतीला धावले. 'पहिली मंगळागौर' झाला, मग कोल्हापूरला त्यांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'मध्ये पगारी नोकरी, 'माझे बाळ', 'गजाभाऊ'. 'माझे बाळ'मध्ये दहा वर्षांच्या आशाचं पहिलं चित्रपटगीत आलं, संगीत दत्ता डावजेकरांचं. १९४५ साली कंपनी मुंबईला आली तेव्हा हेही कुटुंब आलं, आणि 'बडी माँ'मध्ये नूरजहाँच्या आसपास लता-आशा दोघी लहानशा भूमिकांत दिसतात. घरातली दुसरी मुलगीही कामाला लागली होती.

कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओच्या बाहेर मी एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याशी बोलत होते. "लताबाई ह्या गावात पगारावर हुत्या, म्हणून सांगायचा आमचा बा. आन् पुढं त्यांनीच ह्यो स्टुडिओ घेतला. ह्याला म्हणत्यात नशीब." त्याच्या बोलण्यात अभिमान होता. भालजी पेंढारकरांचा हा स्टुडिओ लताबाईंनी विकत घेतला होता हे खरं. पण पगारावरची पोर आणि स्टुडिओची मालकीण यांच्या मधली वर्षं त्याच्या गोष्टीत नव्हती. ती वर्षं लोकलच्या डब्यात गेली, या स्टुडिओतून त्या स्टुडिओत, दिवसच्या दिवस चहा-पाण्यावर.

पुढे भावंडांच्या नात्यातही हा हिशोब उतरला असं मला वाटतं. १९४९ साली सोळा वर्षांच्या आशानं गणपतराव भोसल्यांशी लग्न केलं. ते लताबाईंचं काम पाहणारे, वयानं जवळजवळ दुप्पट. घरच्यांचा विरोध होता, आणि कित्येक वर्षं दोन बहिणींमध्ये अंतर पडलं. या दुराव्यावर चवीनं लिहिलं गेलं, चित्रपट निघाला, कोण कुणाला मागे खेचत होतं याच्या कहाण्या झाल्या. मला ते वाचताना राग येतो. तेव्हा थोरली विशीची होती. वीस वर्षांची मुलगी घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीची पालक होती, दोघीही एकाच धंद्यात पोट भरत होत्या, आणि भांडण झालं तर मध्ये पडणारं वडीलधारं माणूस म्हणजे विधवा आई. कुठल्याही घरात हे झालं असतं तर आपण पोरींना सांभाळून घ्या म्हटलं असतं. इथं आपण तिकीट काढून बघत बसलो.

मीना खडीकरांनी मोठ्या बहिणीवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'मोठी तिची सावली'. त्यात माया आणि कृतज्ञता भरून आहे. लताबाईंना मात्र एका मुलाखतीत पुढच्या जन्माबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी लता मंगेशकर म्हणून पुन्हा जन्म नको, असं सांगितलं होतं. लता मंगेशकरचे त्रास तिचे तिलाच माहीत, असा त्याचा भाव होता. ती ध्वनिफीत लाखो लोकांनी ऐकली असेल. हसत हसत दिलेलं उत्तर म्हणून ती फिरते.

पडद्यावर धाकटी, घरात कर्ती

विनायकरावांच्या नंदाचं नाव कोल्हापुरात अजून आपुलकीनं निघतं. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची. 'मंदिर'नंतर 'जग्गू' वगैरे चित्रपटांत ती बालकलाकार म्हणून दिसत राहिली, मराठीत 'शेवग्याच्या शेंगा', 'कुलदैवत' झाले. १९५६ साली नात्यातल्याच व्ही. शांताराम यांच्या संस्थेनं 'तूफान और दिया' काढला. पोरकी बहीण आणि तिचा भाऊ, असं त्याचं कथानक. तीन वर्षांनी एल. व्ही. प्रसाद यांचा 'छोटी बहन' आला आणि देशभर ती सगळ्यांची धाकटी बहीण झाली. राखीपौर्णिमेला तिची गाणी आजही लागतात.

ज्या मुलीच्या कमाईवर आई आणि भावंडं जगली, तिला पडद्यावर सोशिक, परावलंबी बहिणीचं काम वर्षानुवर्षं मिळावं, यात प्रेक्षक म्हणून आपलीही आवड दिसते. कमावत्या बहिणीची गोष्ट आपल्याला ऐकायला आवडते, पडद्यावर मात्र ती भावाच्या आसऱ्यानं जगणारीच हवी असते. नंदानं लग्न केलं नाही. मनमोहन देसाईंशी साखरपुडा झाला होता, ते १९९४ साली गेले. २०१४ च्या मार्चमध्ये ती गेली.

दोन्ही घरांत मला एक गोष्ट सारखी दिसली. मुलीला कामावर आणणारा माणूस वाईट नव्हता. मास्टर विनायक हे मंगेशकरांच्या घराला आधार देणारे सज्जन गृहस्थ होते आणि नंदाचे तर जन्मदाते. तरीही नको असताना केस कापलेच गेले, कारण युनिट खोळंबलं होतं. पोरांच्या कामात दुष्ट माणूस शोधायची आपल्याला सवय आहे. बहुतेक वेळा तिथं फक्त घाई असते आणि घरभाडं असतं.

शोभनाबाईंच्या मुली

समर्थांच्या घरची गोष्ट वेगळी, कारण तिथं आई स्वतः नटी आणि निर्माती होती. 'रामराज्य'मधल्या सीतेमुळे घराघरांत पोचलेल्या शोभना समर्थ यांनी १९५० साली 'हमारी बेटी' काढला. थोरली नूतन त्यात नायिका, वय चौदा. धाकटी तनुजा त्याच चित्रपटात बालकलाकार. पुढच्या वर्षी 'नगीना' आला. त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि पंधरा वर्षांच्या नूतनला स्वतःच्याच चित्रपटाच्या खेळाला दारावर अडवलं गेलं. ही हकीकत गमतीची म्हणून सांगतात. ज्या चित्रपटात काम करायला वय आड आलं नाही तो बघायला आड आलं, आणि या दोन्हींमधली विसंगती तेव्हा दारावरच्या माणसाखेरीज कुणाच्या लक्षात आली नाही.

१९६० साली शोभनाबाईंनी 'छबिली' दिग्दर्शित केला, त्यात तनुजा नायिका म्हणून आली आणि नूतनही होती. आई मालक, मुली कलाकार, आणि जमाखर्च एकाच चोपडीत. पुढे पैशांच्या व्यवहारावरून नूतन आणि आई यांच्यात वाद झाला, तो कोर्टापर्यंत गेला, आणि मायलेकी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. १९८३ च्या सुमारास समेट झाला. १९९१ साली नूतन गेली, आई तिच्या मागे जवळजवळ नऊ वर्षं जगली. कोण बरोबर होतं हे ठरवायचा मला अधिकार नाही आणि गरजही वाटत नाही. मुलीच्या वयाच्या चौदाव्या वर्षापासून तिचा हिशोब वेगळा ठेवला असता तर हा वाद मांडायला जागा कुठं होती, एवढंच मनात येतं.

घोडबंदर रोडवरचा बंगला

मी राहते ते पूर्णा गाव ठाणे-भिवंडी जुन्या रस्त्यावर आहे. कशेळीचा पूल ओलांडून, कापूरबावडीवरून वळलं की घोडबंदर रोड. मराठी मालिकांची कितीतरी चित्रीकरणं या पट्ट्यातल्या बंगल्यांमधून होतात. ओळखीनं एका सेटवर जाता आलं. मालिकेचं आणि माणसांचं नाव लिहायचं नाही, या अटीवर.

खालच्या मजल्यावर दिवाणखाना, देवघर, जिना. वरच्या मजल्यावर दुसऱ्या कुटुंबाचं घर. मेकअप रूमच्या पायरीवर शाळेच्या गणवेशातला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा बसला होता. तो कलाकार नव्हता. त्याची बहीण आत 'सीन'ला होती. "ह्याला घरी कुणाकडे ठेवणार?" आई म्हणाली. तिनं नोकरी सोडली आहे, मुलीचा कॉल टाइम आला की दोन्ही मुलांना घेऊन निघायचं. मुलाचा अभ्यास पायरीवर होतो, जेवण सेटवर होतं, आणि स्पॉटदादा त्याला बहिणीच्या मालिकेतल्या नावानंच हाक मारतात, 'अमकीचा भाऊ' म्हणून. एका घरातलं एक मूल प्रसिद्ध झालं की दुसऱ्याचं बालपणसुद्धा त्या वेळापत्रकात जातं, याबद्दल मी कुठंच काही वाचलं नव्हतं.

तान्ही बाळं लागली की जुळी शोधतात, हे मला तिथं कळलं. एक झोपलं की दुसरं घ्यायचं, एक रडायला लागलं की पहिलं. पडद्यावर बाळ एकच. मेकअप करणाऱ्या ताई सांगत होत्या, की दोघांच्या गालाला काजळाची तीट एकाच जागी, एकाच मापाची लावावी लागते, नाहीतर कंटिन्युइटी जाते. एकदा आजीनं नजर लागू नये म्हणून एकाला जास्तीची तीट लावली आणि सगळा सीन परत घ्यावा लागला.

प्रॉडक्शनचं काम बघणारा तरुण मनमोकळा होता. "पोरांचे शॉट आम्ही आधी काढतो. पण समोरचा मोठा आर्टिस्ट दुसऱ्या सेटवरून यायचा असला तर पोरगं थांबतं. थांबणं कुणी कामात धरत नाही ना." पैसे? चेक नव्वद दिवसांनी निघतो, आईच्या नाहीतर वडिलांच्या खात्यावर. आणि लीप? मालिकेची गोष्ट एकदम दहा-पंधरा वर्षं पुढे गेली की बालकलाकाराचं काम संपतं. बऱ्याचदा आठवड्याभराच्या सूचनेनं. त्या आईनं मुलीच्या कामाच्या भरवशावर घराचा हप्ता सुरू केला होता. लीप कधी येणार हे ती रोज सेटवरच्या कुणाला तरी विचारते.

पाच तास, सत्तावीस दिवस, वीस टक्के

या कामाला कायदा आहे, आणि बरा कायदा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली, आणि त्याला दोन अपवाद ठेवले गेले. एक, शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या उद्योगात मदत. दुसरा, दृक्-श्राव्य करमणुकीत कलाकार म्हणून काम. दुसऱ्या अपवादासाठी २०१७ च्या नियमांत बारकाईनं लिहिलं आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मुलाची इच्छा नसेल तर काम करून घ्यायचं नाही.

जबाबदार माणसाची अट उगाच नाही. डेझी आणि हनी या इराणी बहिणी पन्नाशीच्या दशकात हिंदी सिनेमाच्या लाडक्या होत्या. २०१८ साली डेझी इराणी यांनी जाहीरपणे सांगितलं, की सहा वर्षांच्या असताना बाहेरगावच्या चित्रीकरणात, पालक म्हणून सोबत पाठवलेल्या माणसानंच त्यांच्यावर अत्याचार केला होता. साठ वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं.

पैशाच्या अटीमागेही जुना इतिहास आहे. चॅप्लिनच्या 'द किड'मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी संपवलेली होती. १९३८ साली त्यानं दावा लावला, हाती थोडंच आलं, पण १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या नावानं कायदा झाला. कॅनडात डिऑन घराण्यातल्या पाच जुळ्या बहिणींना, १९३४ साली जन्मल्यावर, सरकारनंच आईबापांपासून काढून एका खास इमारतीत ठेवलं. लाखो पर्यटक एका बाजूनं दिसणाऱ्या जाळीआडून त्यांना खेळताना बघायला यायचे. हयात असलेल्या तिघींना १९९८ साली ओंटारियो सरकारनं चाळीस लाख डॉलर भरपाई दिली. त्यांचा ताबा आईबापांकडे असता तर सगळं ठीक झालं असतं, असंही मला म्हणवत नाही. मुलांकडे बघायला गर्दी जमली की तिकीट कुणी ना कुणी लावतोच.

आपल्या कायद्याची अडचण अशी, की त्यात निर्माता गृहीत धरला आहे. अर्ज करणारा, हमीपत्र देणारा, ज्याला दंड करता येईल असा कुणीतरी. समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंत आई आणि वडीलच निर्माते, भावंडं कलाकार, आणि चित्रीकरण घरच्या ओट्यावर असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज कोण करणार? ते घरच्या उद्योगात बसतं की करमणुकीत? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, असं आहे. पण इथं संमती देणारा आणि व्हिडिओ टाकणारा माणूस एकच असतो. फ्रान्सनं २०२० साली अशा मुलांसाठी कायदा केला, त्यात मुलाला स्वतः, पालकांना न विचारता, आपला व्हिडिओ काढून टाकायला सांगता येतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यानं २०२४ पासून कुटुंबाच्या व्हिडिओंत दिसणाऱ्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी कमाईतला वाटा बाजूला ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे यातलं काही नाही.

पूर्णा, मेट्रोच्या खांबांपाशी

काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात पूर्वी भातशेती होती. आता गोदामं. देशभरात ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी वस्तू आमच्या गावच्या पत्र्यांखालून जातात. रस्त्यावर कंटेनरची रांग, मधोमध मेट्रोचे खांब, आणि आतल्या बाजूला जुन्या आगरी घरांचे ओटे. याच वस्तीत एक बहीण-भाऊ आहेत, ती बारा वर्षांची, तो आठ. हळदीच्या गाण्यांवर नाचतात. वडील गोदामाचा टेम्पो चालवतात. आईनं मोबाईलचा स्टँड घेतला, आणि दोन वर्षांत दोघं पंचक्रोशीत ओळखीचे झाले.

रविवारी गोदामाचं आवार रिकामं असतं, तिथं शूटिंग चालतं. बहीण आधी भावाचा सदरा सारखा करते, मग स्टँड लावते, मग मोजते, "पाच, सहा, सात, आठ." चुकला तर तीच ओरडते, आणि पाणीही तीच पाजते. आई बाजूला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवते. "दोगा पन मस्त नाचतान," ती म्हणाली, "पन कॅमेरा बगला की बारक्या पलतो. हिच्या धाकानं उबा राहतो." पैसे किती मिळतात? अजून फारसे नाहीत. एका साडीच्या दुकानानं कपडे दिले, मोबाईलच्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं, पाकीट दिलं. आई सगळं एका वहीत लिहिते, कुणी काय दिलं, कुठल्या तारखेला. मी तिला मुलांच्या नावानं खातं काढायचं सुचवलं. तिनं लगेच विचारलं, "दोगांचा येगला काडायचा? मग हिचा जास्त पडंल, याचा कमी. घरात भांडान." हा प्रश्न कुठल्या नियमात नाही. नाच बसवणारी, मोजणारी, सदरा सारखा करणारी बहीण, तिच्या कामाचा वाटा किती धरायचा?

मुलाचा एक व्हिडिओ मात्र त्याच्या मानगुटीवर बसला आहे. मामाच्या हळदीत बँजो सुरू झाला, अंगावर पाणी पडलं, आणि तो घाबरून रडत आईच्या पदराआड शिरला. बहिणीनं ते टिपलं होतं. घरात सगळे हसले, म्हणून टाकलं. त्यांच्या सगळ्या व्हिडिओंत सर्वाधिक लोकांनी बघितलेला तोच. आता शाळेत त्याला त्यावरूनच चिडवतात, गोदामाच्या गेटवरचे हमालसुद्धा रडण्याची नक्कल करतात, प्रेमानंच. तो दुपारी त्या रस्त्यानं जात नाही, मागच्या बांधावरून शाळेत जातो.

तो हे माझ्याशी बोलला तेव्हा आई आत होती आणि बहीण समोर. तिनं काही न बोलता फोन घेतला आणि व्हिडिओ काढून टाकला. आई बाहेर आल्यावर थोडी बोलाचाली झाली. "आता पुसून काय उपेग? लोकांनी उतरून घेतलाय." खरंच, तीन वेगवेगळ्या पेजवर तो दुसऱ्याच गाण्यासह होता. मुलानं ती पेजं मला दाखवली आणि विचारलं, "यांचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

नंबर नव्हता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या कंपन्यांना तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि ठरावीक मुदतीत ती निकाली काढावी लागते, हे मला माहीत होतं. ओट्यावर बसून आम्ही अर्ज भरले. मुलाला स्वतः तक्रार करायची सोय नव्हती, म्हणून आईच्या नावानं. व्हिडिओ मुळात कुणी प्रसिद्ध केला, या रकान्यात आईनं आधी काहीच लिहिलं नाही, मग स्वतःच्या चॅनेलचं नाव लिहिलं. एका पेजवरचा उतरला. दोन अजून आहेत, त्यांच्यासाठी बहिणीनं परत अर्ज केला आहे.